‘रूआख’ छातीवर घेणारा स्वेटशर्ट: एका नमुन्याचं प्रकरण

एका लहान कपडे-ब्रँडला एक स्वेटशर्ट काढायचा होता. मऊ, सैलसर, सकाळी अंगात घातला की रात्रीपर्यंत काढावासा वाटू नये असा. छातीवर एकच शब्द असणार होता, हिब्रूतला ‘रूआख’, म्हणजे वारा, श्वास किंवा आत्मा. कापड, शिलाई आणि छपाई पाहायला मला बोलावलं गेलं तोवर पहिला नमुना शिवून तयार होता. दिसायला देखणा होता. अंगात घातल्यावर मात्र जड आणि कोंदट वाटत होता, आणि छातीवर जे छापलं होतं ते ‘रूआख’ नव्हतंच.

दोन्ही बिघाड वेगवेगळे दुरुस्त करता आले असते. शब्द सुधारून छपाईची नवी स्क्रीन, म्हणजे जिच्यातून शाई कापडावर उतरते ती जाळी, बनवायची, हलकं कापड घेऊन नवा नमुना शिवायचा, झालं. पण काम पुढे सरकलं तसं दिसत गेलं की दोन्हींचं मूळ एकच आहे. शब्द म्हणजे कपडा पुरा झाल्यावर वरून चिकटवायचा ऐवज, असं धरून सगळं चाललं होतं. खरं तर शब्द कोणता आणि तो कशाने उमटवायचा हे ठरल्याशिवाय सूतसुद्धा ठरवता येत नाही. या कामात क्रम उलटा लागला होता. तो सुलटा केल्यावर कापडापासून लेबलापर्यंत काय काय बदललं, ते इथे मांडते आहे.

शब्द आणि त्याचे शेजारी

‘रूआख’ तीन अक्षरांचा: रेश, वाव, खेत. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून रेश सगळ्यात उजवीकडे आणि खेत सगळ्यात डावीकडे. हिब्रू बायबलमध्ये हा शब्द सुमारे पावणेचारशे वेळा येतो आणि अर्थ दर वेळी संदर्भावरून लावावा लागतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्याच वचनात देवाचा रूआख पाण्यावर तरंगत असतो. आठव्या अध्यायात जलप्रलय ओसरावा म्हणून पृथ्वीवरून जो रूआख वाहतो, तो साधा वारा. निर्गमात रात्रभर वाहून समुद्र मागे हटवणारा पूर्वेचा वाराही तोच. यहेज्केलच्या सदतिसाव्या अध्यायात, वाळलेल्या हाडांच्या खोऱ्यात, वारा, श्वास आणि आत्मा हे तिन्ही अर्थ एकाच प्रसंगात एकमेकांत मिसळून जातात. आजच्या बोलत्या हिब्रूत हवामानाच्या बातम्यांतला वारा रूआखच असतो, आणि माणसाच्या मनःस्थितीला ‘मत्साव रूआख’ म्हणतात. अमेरिकेतल्या ज्यू उन्हाळी शिबिरांत गाण्यांना आणि घोषणांना चढणाऱ्या उत्साहाला रूआख म्हणायची पद्धत आहे. आपण ‘अंगात वारं संचारलं’ म्हणतो, त्याच्या अगदी जवळचा वापर.

म्हणजे हा स्वेटशर्ट घेणारे लोक वेगवेगळ्या कारणांनी घेणार होते. कुणासाठी तो प्रार्थनेतला शब्द, कुणासाठी शिबिराची आठवण, कुणासाठी नुसता श्वास. ब्रँडला हे ठाऊक होतं. शब्द त्यांनी मनापासून निवडला होता. निवडीत खोट नव्हती.

अडचण अशी की या शब्दाचे शेजारी फार जवळ राहतात. रेशचा वरचा उजवा कोपरा गोल असतो. तोच टोकदार झाला की अक्षर दालेत होतं आणि शब्द ‘दोख’ वाचला जातो, म्हणजे अहवाल, किंवा वाहतूक पोलिसाने हातात दिलेली दंडाची पावती. मधला वाव म्हणजे एक उभी रेघ आणि तिच्यावर छोटंसं डोकं. ती रेघ खालून तोकडी पडली की अक्षर योद होतं आणि शब्द ‘रेआख’ होतो, म्हणजे वास. खेतचे दोन्ही पाय वरच्या आडव्या रेघेला जोडलेले असतात. डाव्या पायाच्या डोक्याशी फट राहिली की ते ‘हे’ नावाचं दुसरंच अक्षर. एवढ्याशा फरकांवर सगळं उभं आहे.

आणि तिन्ही अक्षरं अगदी बरोबर काढून क्रम उलटला, तर खेत, वाव, रेश असा शब्द तयार होतो: ‘खोर’. अर्थ, भोक. पहिल्या नमुन्यावर छापलं गेलं होतं ते हे.

हे घडलं कसं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण हिब्रू, अरबी, उर्दू अशा कोणत्याही लिपीबाबत पुन्हा घडू शकतं. शब्द बरोबर टाइप झाला होता. तो डिझाइनच्या फाइलमध्ये पेस्ट केला तेव्हा तिथे उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सोय चालू नव्हती. सॉफ्टवेअरने तिन्ही अक्षरं सवयीप्रमाणे डावीकडून उजवीकडे मांडली. एकही अक्षर आरशातल्यासारखं उलटं झालं नाही, एकही गळलं नाही. लिपी न येणाऱ्याच्या डोळ्याला खटकावं असं त्यात काही नव्हतं. स्क्रीन करणाऱ्याने फाइल जशी आली तशी जाळीवर उतरवली आणि काम चोख केलं.

चूक पकडली ती हिब्रू शिकवणाऱ्या एका बाईंनी. नमुन्याचा फोटो त्यांना दाखवला तेव्हा यामागे काही संकल्पना असावी अशा समजुतीने त्यांनी विचारलं, “‘भोक’ हा शब्द तुम्ही मुद्दाम घेतला आहे का?” त्यानंतर त्या या कामात शेवटपर्यंत राहिल्या. हे फार चांगलं झालं, कारण पुढचे निम्मे निर्णय त्यांच्याशिवाय घेताच आले नसते. छपाईपूर्वी भाषा जाणणाऱ्याची नजर फिरणं ही शिष्टाचाराची बाब मानली जाते. माझ्या मते ती कापडाच्या चाचणीइतकीच पक्की चाचणी आहे, आणि तिची जागा पहिल्या नमुन्याच्या आधी आहे.

यानंतर फाइल तयार करायची पद्धतच बदलली. बाईंनी मंजूर केलेला शब्द लगेच आउटलाइनमध्ये बदलायचा, म्हणजे तो अक्षर न राहता आकृती होतो आणि पुढच्या कोणत्याही कॉम्प्युटरवर त्याचा क्रम हलत नाही. छपाईच्या टेबलापाशी एक साधी सूचना लावली, लिपी न येणाऱ्या माणसाला वापरता येईल अशी: दोन पायांचं अक्षर घालणाऱ्याच्या उजव्या हाताकडे, गोल खांद्याचं अक्षर डाव्या हाताकडे. कपडा टेबलावर पसरलेला असताना डावं-उजवं बोलण्यात घोटाळा होतो. घालणाऱ्याचा हात म्हटलं की होत नाही.

अक्षराचा साचा निवडतानाही बाईंचं ऐकलं. हिब्रूच्या पारंपरिक छापील अक्षरांत आडव्या रेघा जाड आणि उभ्या बारीक असतात. पुस्तकाच्या पानावर ते सुरेख दिसतं, जाड विणीच्या कापडावर मात्र खेतचे बारीक पाय आणि वावची शेपटी आधी मरते. म्हणून सर्व रेघा जवळपास सारख्या जाडीच्या असलेला साधा साचा घेतला आणि रेशचा खांदा ठळकपणे गोल आहे ना, ते मोठं करून पाहिलं. स्वरचिन्हांवर जरा वाद झाला. ती घातली तर वावच्या पोटात एक ठिपका येतो आणि खेतखाली एक आडवी रेघ. ही रेघ मोठी विलक्षण आहे: खेतखाली लिहिली जाते, पण तिचा ‘अ’ खेतच्या आधी उच्चारतात. म्हणूनच शब्द ‘रूख’ किंवा ‘रूखा’ न होता ‘रूआख’ होतो. पण हिब्रू वाचणाऱ्याला इतक्या रोजच्या शब्दासाठी स्वरचिन्हं लागत नाहीत, आणि न वाचणाऱ्याला ती घालूनही उपयोग नाही. चिन्हं काढली. उच्चार टॅगवर देवनागरीत आणि रोमनमध्ये दिला.

शब्द एवढाच का ठेवला

ब्रँडचा एक पर्याय असा होता की नुसता ‘रूआख’ न लिहिता उत्पत्तीतले दोन शब्द घ्यावेत, ‘रूआख एलोहीम’, देवाचा आत्मा. दिसायला ती ओळ जास्त भारदस्त होती. बाईंनी शांतपणे सांगितलं की ‘एलोहीम’ हे ज्यू परंपरेत न पुसता येणाऱ्या नामांपैकी आहे. अशी नामं लिहिलेली वस्तू टाकून देत नाहीत. जीर्ण ग्रंथ आणि पानं ‘गेनीझा’त, म्हणजे त्यासाठी राखलेल्या जागी, जपून ठेवतात आणि पुढे दफन करतात. स्वेटशर्ट घामाने भिजतो, मशीनमध्ये इतर कपड्यांबरोबर फिरतो, बाथरूममध्ये टांगला जातो, फाटला की फरशी पुसायला जातो. ज्या माणसाला हे नाम पवित्र आहे त्याला तो कपडा नीट वापरताही येणार नाही आणि टाकताही येणार नाही. ‘रूआख’ हा एकटा शब्द त्या नामांत मोडत नाही. वाऱ्यालाही तोच शब्द आहे, तेव्हा तो निर्धास्तपणे धुवावा. दुसरा शब्द गेला.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट बाहेर आली. थंड हवेसाठी लोकरमिश्रित कापडाची एक आवृत्ती काढायचा विचार होता, आणि मानेच्या आतल्या शिवणीवर लिननची पट्टी. बायबलमधल्या लेवीय 19:19 आणि अनुवाद 22:11 या वचनांनुसार लोकर आणि लिनन एकत्र असलेला कपडा निषिद्ध आहे. त्याला ‘शातनेझ’ म्हणतात, आणि पाळणारे लोक नवा कपडा घेताना ते तपासून घेतात. सुती आणि पॉलिएस्टरच्या मिश्रणाला हा नियम लागू नाही, लोकर-लिननलाच आहे. हिब्रू शब्द छातीवर मिरवणारा कपडा आतून शातनेझ असावा, हे मला सहन झालं नसतं. लोकरीची आवृत्ती पुढे कापडाच्या कारणानेही रद्द झाली. मानेची पट्टी सुती हेरिंगबोनची, म्हणजे तिरक्या नागमोडी विणीची, घेतली.

टॅगवरच्या मजकुरात ‘प्राचीन गूढ शब्द’ अशी भाषा होती, तीही काढायला लावली. जी भाषा लोक आज बाजारात, शाळेत, बसमध्ये बोलतात तिला गूढ म्हणणं बरं नाही. आता टॅगवर इतकंच आहे: हिब्रू शब्द, उच्चार, तीन अर्थ आणि तो जिथे येतो त्या तीन जागा.

छातीवरचं प्लास्टिक

आता कापडाकडे. पहिला नमुना मरून रंगाच्या, निम्मं सूत आणि निम्मं पॉलिएस्टर असलेल्या, आतून ब्रश करून लव काढलेल्या जाड फ्लीस कापडाचा होता. शब्द छातीभर, पांढऱ्या प्लास्टिसोल शाईत. प्लास्टिसोल ही छपाईच्या धंद्यातली सगळ्यात सरावाची शाई. पीव्हीसीचे कण एका तेलकट प्लास्टिसायझरमध्ये मिसळलेले असतात आणि साधारण 160 अंश सेल्सिअसला ते वितळून एक सलग पापुद्रा तयार होतो. गडद कापडावर रंग झाकतो, स्क्रीनमध्ये वाळत नाही, छापायला सोपी. तिच्याविरुद्ध माझं एरवी काही म्हणणं नाही.

पण हा पापुद्रा हवा आणि बाष्प अडवतो. लहान चिन्ह असेल तर कळत नाही. इथे छातीच्या मधोमध, जिथे घाम आधी येतो तिथे, हाताच्या दोन पंजांएवढा भाग बंद झाला होता. जिना चढून आलं की शब्दाच्या मागे ओल धरायची आणि बाकीचा कपडा कोरडा राहायचा. ज्या शब्दाचा एक अर्थ श्वास आहे, तो शब्दच कपड्याचा श्वास कोंडत होता. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त खुपली ती ही गोष्ट, चुकीच्या क्रमापेक्षाही जास्त. क्रम चुकला हे वाचणाऱ्याला दिसतं. हे घालणाऱ्याच्या अंगाला कळतं, आणि तो काही न बोलता कपडा कपाटात मागे सारतो.

शिवाय पांढरी अक्षरं आठवड्याभरात गुलाबी पडली. पॉलिएस्टर ज्या डिस्पर्स रंगांनी रंगवतात ते उष्णतेने वायुरूप होऊन धाग्यातून सुटतात आणि वरच्या शाईत शिरतात. लाल आणि मरून छटांत हा त्रास सर्वांत जास्त. रंग अडवणाऱ्या खास शाया मिळतात, पण त्यांचा थर आणखी जाड. म्हणजे कोंदटपणा वाढणारच.

कपड्याची ऊब कुठून येते, ते इथे पाहावं लागतं. सूत स्वतः ऊब देत नाही. विणीतल्या धाग्यांच्या लूपच्या, म्हणजे फासांच्या, आणि केसाळ तंतूंच्या मध्ये अडकलेली स्थिर हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. त्या हवेची उष्णता वाहून नेण्याची ताकद सुताच्या तंतूपेक्षा कितीतरी कमी असते. ब्रश केलेलं फ्लीस जास्त उबदार, कारण त्यात हवेला अडकायला जास्त जागा. पण ब्रश केलेली बाजू वापराने दबते, तंतू सुटून आतल्या टी-शर्टला चिकटतात आणि त्याचे गोळे होतात. पॉलिएस्टर त्यात भर घालतं. प्रमाणित हवेत सूत स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतं, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून मिश्र कापडात अंगावरची वाफ चिकचिकत राहते आणि कोरड्या थंडीत स्वेटशर्ट डोक्यावरून काढताना केस उभे राहतात.

पर्याय म्हणून आधी भरतकाम पाहिलं. डोळ्याला ते सुंदर होतं. पण फ्लीसवर टाके आत रुततात, म्हणून वर पाण्यात विरघळणारी फिल्म आणि खाली कायमचं बॅकिंग, म्हणजे आधाराचं अस्तर, घालावं लागतं, आणि ते बॅकिंग नेमकं छातीच्या कातडीला घासतं. दुसरी अडचण अक्षरांची होती. धागा ताणला की कापड आवळतं, रेघा जवळ येतात, कोपरे टोकदार होतात. मोठं भरतकाम कापड ताठ करतं, आणि लहान केलं तर रेशचा खांदा दालेतकडे झुकायला लागतो. नमुन्याची पट्टी बाईंनी दोन हात लांब धरली आणि नुसती मान हलवली.

मग डिस्चार्ज छपाईवर आलो. यात कापडावर रंग चढवत नाहीत. पाण्यावर आधारलेल्या पेस्टमध्ये रंग तोडणारं रसायन असतं. छापून गरम केलं की धाग्यातला रिअॅक्टिव्ह रंग, म्हणजे सुताशी पक्का जोडला जाणारा रंग, तेवढ्या जागी नाहीसा होतो आणि खालचं मूळ सूत उघडं पडतं. अक्षरांवरून हात फिरवला तर काही लागत नाही. वीण तशीच, लूप तसेच, हवा तशीच आरपार जाते. अक्षराचा रंग पांढराशुभ्र नसतो, धुवट सुताचा किंचित पिवळसर असतो. शब्द कापडावर ठेवलेला नाही, कापडातूनच वर आलेला आहे. हा नमुना हातात घेतला तेव्हा खोलीतल्या सगळ्यांना निर्णय कळला होता.

सुताचा निर्णय इथून मागे जाऊन लागला, तो असा. डिस्चार्ज पॉलिएस्टरवर चालत नाही, म्हणून कापड शंभर टक्के सुती. सगळे रिअॅक्टिव्ह रंग तुटत नाहीत. फिरोजी आणि काही हिरव्या छटा हट्टी असतात, म्हणून रंगही छपाईला विचारून ठरवायचा. गडद निळा निवडला, आणि रंगवलेल्या प्रत्येक लॉटची पट्टी आधी छापून पाहायची हा नियम घातला. छपाईनंतर कपडा धुणं सक्तीचं, कारण या रसायनाचा उग्र वास राहतो आणि फॉर्मल्डिहाइडचा अंशही. अंगाला लागणाऱ्या कपड्यांसाठी ओएको-टेक्स या कापडातली घातक रसायनं तपासणाऱ्या संस्थेच्या प्रमाणकात त्याची मर्यादा किलोला 75 मिलिग्रॅम आहे. धुलाईनंतर प्रयोगशाळेत तपासूनच माल पुढे गेला. डिस्चार्ज हा शंभर टक्के निर्धोक आणि निसर्गस्नेही मार्ग आहे असं टॅगवर लिहायचा मोह झाला होता. लिहू दिलं नाही. वापरणाऱ्याच्या अंगाला तो सुखाचा आहे. पण छापणाऱ्या कामगाराला हातमोजे, मास्क आणि खेळती हवा लागतेच.

कापड म्हणून शेवटी तीन धाग्यांचं लूपनिट घेतलं, 300 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम, कॉम्बड रिंगस्पन म्हणजे विंचरून घट्ट कातलेलं सूत, आतून लूप उघडे, ब्रश न केलेले. ब्रश केलेल्याइतकं ते उबदार नाही, हे मान्य. पण लूप दबत नाहीत, गोळे कमी होतात आणि घरात-बाहेर करताना जीव घाबरा होत नाही. वर बायोवॉश दिला, म्हणजे एन्झाइमने कापडावरची उभी लव काढून टाकली. त्याने मऊपणा येतो आणि अक्षरांच्या कडाही स्वच्छ उमटतात.

अंगावर

स्वेटशर्टचा जन्मच मुळी आरामासाठी झाला आहे. अलाबामा विद्यापीठाच्या संघात फुटबॉल खेळणाऱ्या बेंजामिन रसेल ज्युनियरला लोकरी जर्सी टोचायची. वडिलांची कापडगिरणी होती. 1926 मध्ये त्यांच्याकडून सुती जर्सी बनवून घेण्याची कल्पना त्याने काढली आणि पुढे तीच स्वेटशर्ट म्हणून विकली गेली. गळ्याखाली दिसणारा तो त्रिकोणी तुकडा पूर्वी रिबचाच, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या उभ्या धारांच्या विणीचा असे, घाम टिपायला आणि डोकं जाताना गळा ताणला जायला. आता बऱ्याच ठिकाणी नुसती टाक्यांची खूण उरली आहे. आम्ही तुकडा खरा ठेवला, कारण सुती गळा वारंवार ताणून सैल पडतो आणि तो तुकडा ताण खातो.

सुती कापड आटतं, आणि विणीचं कापड उंचीत जास्त आटतं. 1938 मध्ये चॅम्पियन कंपनीने यावरच पेटंट घेतलं होतं: कापड आडवं फिरवून बेतायचं, म्हणजे आटणं उंचीऐवजी रुंदीत जातं. 1952 च्या दुसऱ्या पेटंटमध्ये बाजूला रिबच्या पट्ट्या जोडून रुंदीचीही सोय केली. आमच्या पॅटर्नला कापड फिरवणं सोयीचं नव्हतं. कापड कॉम्पॅक्ट करून, म्हणजे बेतण्याआधीच यंत्रात दाबून आटवून घेतलं आणि उरलेलं आटणं पाच टक्क्यांच्या आत ठेवलं. शब्दाला त्याची झळ लागते हे लक्षात घ्यावं लागलं: कापड उंचीत आटलं की अक्षरंही बुटकी होतात आणि वावची शेपटी तोकडी पडायला लागते. म्हणून फाइलमध्ये अक्षरं मुद्दाम जराशी उंच ठेवली. धुतल्यावर ती हव्या त्या मापाला येतात.

बाह्या रॅग्लन घेतल्या, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी शिवण असलेल्या. खांद्यावरची शिवण जाते आणि पिशवीचा पट्टा टोचत नाही. पण रॅग्लनच्या तिरक्या शिवणी छातीचा वरचा भाग अरुंद करतात, आणि पहिला छातीभर शब्द त्यात मावला नसता. तो लहान झाला ते चांगलंच झालं. अक्षरं आता साधारण चार सेंटिमीटर उंच आहेत, गळ्याच्या रिबखाली चार बोटं. बसल्यावर पोटाशी कापडाच्या घड्या पडतात, त्या तिथवर पोचत नाहीत, आणि शब्द वाचता येतो. शिवणी फ्लॅटलॉक, म्हणजे आतून सपाट बसणाऱ्या, मानेमागे विणलेलं लेबल नाही, छापील माहिती. कफला एकास एक रिब, पाच टक्के इलॅस्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा, घातलेली. बाही कोपरापर्यंत सरकवली तर टिकते, आणि खाली ओढली की पुन्हा मनगटाला बसते. बाकी मापांबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही.

पुढे

घालून पाहायला कपडे वेगवेगळ्या लोकांना दिले: हिब्रू वाचणारे, न वाचणारे, प्रार्थनेला जाणारे, नुसते थंडी वाजणारे. न वाचणाऱ्यांनी शब्दाबद्दल विचारलं आणि कापडाबद्दल बोलले. वाचणाऱ्यांपैकी एका आजोबांनी शब्द लांबूनच मोठ्याने वाचला, अडखळले नाहीत, आणि मग बाही चिमटीत धरून सुताची चौकशी केली. माझ्या दृष्टीने नमुना पास झाला तो तेव्हा.

दोन गोष्टी शिल्लक आहेत. लहान मुलांच्या मापांत अक्षरं त्याच प्रमाणात लहान करायची नाहीत, एवढं ठरलं. तसं केलं तर खेतच्या दोन पायांमधली जागा जाड विणीत भरून जाते. म्हणून सगळ्यात छोट्या मापात शब्दाची उंची मोठ्यांइतकीच राहील, आणि त्यासाठी तिथे रॅग्लनऐवजी साधी बाही घ्यावी लागेल. दुसरी गोष्ट काळ्या रंगाची. विक्री पाहणारे काळा मागताहेत, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे, काळा सगळे घालतात. पण हाती आलेला रिअॅक्टिव्ह काळा डिस्चार्ज केल्यावर सुताच्या रंगावर येत नाही, तपकिरी-तांबूस राहतो. वरून पांढरी शाई मारून तो झाकावा असा एक प्रस्ताव आहे. त्याला मी नकार कळवला आहे, आणि पूर्ण तुटणारा काळा शोधायला रंगाऱ्याकडे पट्ट्या पाठवल्या आहेत.